शिट्टी हातात, अधिकार नाही: हौशी ट्रायथलॉनमध्ये स्वयंसेवकांशी कसं वागायचं

शर्यतीच्या सकाळी यू-टर्नवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात शिट्टी असते, अधिकार काहीच नसतो. तो पंच नाही, पोलीस नाही, आयोजकांचा पगारी माणूसही नाही. नेरूळच्या नाहीतर ठाण्याच्या कुठल्या तरी कॉलेजात एनएसएसला आहे, पहिली लोकल सुटायच्या आधी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आलाय, आणि आता फ्लोरोसंट जॅकेट घालून तीन-चार तास एकाच जागी उभा राहणार आहे. पुढच्या टेबलावर रनिंग ग्रुपमधल्या एक काकू केळ्यांचे अर्धे-अर्धे तुकडे करतायत. हौशी ट्रायथलॉन, म्हणजे सलग पोहणं, सायकल आणि धावण्याची शर्यत, चालते ती या माणसांवर.

'थँक यू' म्हणावंच, पण ते सोपं आहे. माझ्या मते स्वयंसेवकाचा मान राखायचा खरा मार्ग म्हणजे आपल्या वाट्याचं काम त्याच्या अंगावर न टाकणं. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात: रस्ता स्पर्धकाने पाठ केलेला नसतो आणि ओरडा शिट्टीवाला खातो. म्हणून हा लेख नोंदणीपासून सुरू करतो. उदाहरणं स्प्रिंट अंतराची घेतली आहेत: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. पहिली ट्रायथलॉन बहुतेकांची हीच असते.

नोंदणी आणि आदला दिवस

फॉर्ममध्ये पोहण्याची अंदाजे वेळ विचारतात, ती खरी लिहा. त्यावरून लेन आणि वेव्ह (कोणत्या तुकडीत सुटायचं ते) ठरतात. 750 मीटरला पंचवीस मिनिटं लागत असताना पंधरा लिहिली, की तुम्ही वेगवान लेनमध्ये अडकता, मागचे तुमच्या पायांवर आदळतात आणि काठावरच्या माणसाला दोघांचंही ऐकावं लागतं.

दुसऱ्याच्या बिबवर, म्हणजे कपड्यावर लावायच्या स्पर्धक क्रमांकावर, धावू नका. मित्राला ताप आला, पैसे फुकट जातील, हे सगळं खरं. पण तुम्ही कोसळलात तर वैद्यकीय पथकाच्या हाती रक्तगट मित्राचा आणि फोन मित्राच्या बायकोचा. शिवाय पंचेचाळिशीच्या गटात तिशीतला माणूस पळून कुणाचं तरी पोडियम नेतो.

बिब घ्यायला दिलेल्या वेळेत, ओळखपत्र घेऊन जा. मेडिकल सर्टिफिकेट मागितलं असेल तर छापून न्या; 'व्हॉट्सॲपवर आहे, शोधतो' म्हणत रांग अडवू नका. आणि टी-शर्टची साइज. याबद्दल आपल्याकडे जेवढी हुज्जत होते तेवढी ड्राफ्टिंगच्या (पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवण्याच्या) दंडावरही होत नसेल. टेबलामागची मुलगी टी-शर्ट शिवत नाही. तुम्ही एल लिहिलं होतं, एल मिळाला, विषय संपला.

स्पर्धकांसाठीची माहितीपुस्तिका आणि ब्रीफिंग टाळू नका. मार्ग माहीत असणं ही स्पर्धकाचीच जबाबदारी आहे, असं नियमच सांगतो. सायकलचे किती फेरे, यू-टर्न कुठे, धावण्याचा रस्ता कुठे फुटतो, हे कागदावर एकदा स्वतःच्या हाताने काढा. समजा शर्यत नवी मुंबईतल्या पामबीच रोडवर आहे. मोराज सर्कलला वळायचं की किल्ला चौकापर्यंत जायचं, हे सायकलवर असताना विचारायची गोष्ट नाही. तुम्ही ताशी तीस किलोमीटरने जाताना 'किती राउंड झाले?' असं ओरडलात, तर त्या मुलाला ना तुमचं नाव माहीत, ना तुम्ही कधी निघालात ते.

पहाटे, ट्रान्झिशनमध्ये

ट्रान्झिशन म्हणजे सायकली लावायची आणि एका टप्प्यातून दुसऱ्याकडे जायची जागा. तिचं दार बंद व्हायच्या वेळेला नका पोहोचू. हेल्मेट तपासतात, ब्रेक तपासतात, हँडलची टोकं बुचांनी बंद आहेत का ते पाहतात. उघड्या नळीचं टोक पडल्यावर पोटात घुसू शकतं म्हणून तो नियम आहे, तुमच्यावर राग म्हणून नाही. बूच नसेल तर 'गेल्या वेळी कुणी विचारलं नाही' हे उत्तर होत नाही. दोन बुचं आणि थोडी चिकटपट्टी बॅगेत कायम ठेवावी.

सामान आपल्या सायकलपुरतं पसरा. शेजाऱ्याची सायकल सरकवायची वेळ आलीच तर त्याला विचारून. घरची मंडळी ट्रान्झिशनच्या बाहेर. हे ऐकायला सोपं, पण 'फक्त एक फोटो, दोन मिनिटं' म्हणत काका-मामा आत शिरतात आणि दारावरच्या पोराची पंचाईत होते. ज्येष्ठ माणसाला 'तुम्ही बाहेर थांबा' म्हणायला आपल्याकडच्या विशीतल्या मुलाला फार जड जातं. ते त्याच्यावर येऊ देऊ नका. घरच्यांना तुम्हीच आधी सांगून ठेवा.

तलावावर: मोजणाऱ्याला साथ द्या

खाडीलगत राहून आपण बहुतेकदा पोहतो तरणतलावातच. आणि तलावातल्या शर्यतीत सगळ्यांत अवघड काम असतं लॅप मोजणाऱ्याचं. 25 मीटरच्या तलावात 750 मीटर म्हणजे 30 लांब्या. एका लेनमध्ये तीन-चार जण, सगळ्यांची डोकी ओली, गॉगल सारखेच, आणि हातातल्या कागदावर तीस रेघा मारायच्या. शेजारच्या लेनमधलं पाणी उडून कागद भिजलेला असतो ते वेगळंच.

इथे काय करायचं:

1. पाण्यात उतरण्यापूर्वी मोजणाऱ्याजवळ जाऊन बिब नंबर सांगा, टोपीचा रंग दाखवा, नाव विचारा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.
2. एक लॅप म्हणजे एक लांबी की जाऊन-येऊन, हे ब्रीफिंगमध्येच पक्कं करा. 50 मीटरच्या तलावात 15 लांब्या होतात, म्हणजे सुरू केलं त्याच्या समोरच्या काठावर संपतं. बाहेर पडायची शिडी कुठली, तेही त्याच वेळी बघून घ्या.
3. प्रत्येक वळणावर भिंतीला स्पष्ट हात किंवा पाय लावा. मध्येच लेन बदलू नका.
4. दर लांबीला डोकं वर काढून 'किती?' विचारू नका. विचारण्याने त्याची मोजणी चुकते, आणि ती तुमच्याच नव्हे, लेनमधल्या बाकीच्यांचीही.
5. तुम्ही झालं म्हणता आणि तो 'अजून दोन' म्हणतो, तर दोन पोहून टाका. घड्याळाचा हवाला देऊ नका; मध्ये थांबलात, काठाला धरून गॉगल सारखा केलात, तर घड्याळही चुकतं. शंका असेल तर शर्यतीनंतर नियमाने मांडा.

पाचवा मुद्दा अन्यायाचा वाटेल. एखाद्या वेळी खरंच जास्तीच्या पन्नास मीटरचा भुर्दंड पडेल. पण काठावर उभं राहून केलेला वाद तेवढाच वेळ खातो, आणि त्या वेळात मोजणाऱ्याच्या कागदावर आणखी तिघांच्या रेघा चुकतात.

उघड्या पाण्यातली शर्यत असेल, तर कयाकवाल्याला किंवा होडीतल्या कोळीदादांना धरून विश्रांती घ्यायला परवानगी असते, त्यांच्या आधाराने पुढे सरकायला नसते. दम लागला तर हात वर करा आणि हाक मारा. लाजून शेवटच्या क्षणापर्यंत थांबणारा माणूस वाचवणाऱ्याचाही जीव धोक्यात घालतो.

सायकलवर

हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय रॅकवरच्या सायकलला हात लावायचा नाही. माउंट लाइन ओलांडल्यावरच बसायचं, परत येताना डिसमाउंट लाइनच्या आधी उतरायचं. त्या रेषेवर हात आडवे करून उभी असलेली व्यक्ती तुमच्या वेगाला घाबरलेली असते, हे ध्यानात ठेवून वीस-तीस मीटर आधीच ब्रेक दाबा.

डावीकडून चालवा, उजवीकडून पुढे जा, जाताना 'उजवीकडून!' असं मोठ्याने सांगा. बिनाड्राफ्टिंगच्या शर्यतीत जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे स्प्रिंट आणि ऑलिम्पिक अंतराला पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून 10 मीटर मागे राहायचं असतं. म्हणजे दोन सायकलींच्या मधल्या जागेत आणखी साधारण चार सायकली मावल्या पाहिजेत. त्या पट्ट्यात शिरलात तर 20 सेकंदांत पुढे निघून जा. आणि कुणी तुम्हाला ओलांडलं तर मागे सरकायचं काम तुमचं. छोट्या शर्यतीत अंतर वेगळं ठरवलेलं असू शकतं, पुस्तिकेत पाहा.

हौशी शर्यतीत मोटरसायकलवरचे पंच एक-दोन, नाहीतर नाहीतच. वाशीच्या बाजूने खाडीचा वारा समोरून आला की दहा-बारा जणांची झुंड आपोआप बनते आणि प्रत्येक जण म्हणतो, 'मी कुठे, तेच माझ्यापुढे आले.' यू-टर्नवरचा मुलगा हे सगळं बघतो आणि काही करू शकत नाही. कुणी पकडणार नाही अशा जागी तुम्ही अंतर ठेवता की नाही, खिलाडूपणाचा कस तिथेच लागतो. क्लबचं जर्सी घातलेल्या अनुभवी सायकलस्वारांनी तर जास्तच. नवखे तुमच्याकडे बघून शिकतात.

यू-टर्न ही दुसरी महत्त्वाची जागा. तिथे वेग आधीच कमी करा, आतल्या कोनला (रस्त्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूला) घासून जाऊ नका, कारण कोन उडाला की तो उचलायला स्वयंसेवकाला सायकलींच्या मध्ये शिरावं लागतं. घोट्यावरच्या वेळ मोजणाऱ्या चिपची नोंद घेणारी चटई नसेल तर बिब नंबर हाताने लिहून घेतात. नंबर सायकलवर असताना पाठीवर, धावताना पोटावर ठेवा, आणि वळताना मोठ्याने सांगा: 'एकशे बेचाळीस!' काही ठिकाणी फेरे मोजायला मनगटात रबरबँड देतात. तो थांबून घ्या. 'नंतर देतो म्हणाला' ही सबब निकाल लावणाऱ्याला उपयोगाची नसते.

रस्ता पूर्ण बंद असेलच असं नाही. सकाळी फिरायला आलेले आजोबा, कुत्रा घेऊन निघालेल्या बाई, चुकून आत आलेली रिक्षा, सगळं असतं. रिक्षा थांबवली नाही म्हणून स्वयंसेवकावर ओरडून रिक्षा थांबत नाही. रुग्णवाहिका जाऊ द्यायला वाहतूक पोलिसांनी किंवा मार्शलने हात दाखवला तर थांबा. गेलेली मिनिटं गेली. 'ओळखतोस का मी कोण?' हे वाक्य तर शर्यतीत कुणाच्याच तोंडून निघू नये. ऑफिसात तुमच्या हाताखाली दोनशे माणसं असतील. इथे तुम्ही बिब नंबर आहात.

आणि हाक मारायची पद्धत. 'ए, बाजूला हो' पेक्षा 'दादा, बाजू!' म्हणायला एक अक्षरही जास्त लागत नाही. मुलींना 'ताई', वयाने मोठ्यांना 'काका', 'काकू', रस्ता झाडून स्वच्छ करून दिलेल्या पालिकेच्या बायकांना 'मावशी'.

पाण्याच्या टेबलावर

धावताना उन्हं वर आलेली असतात. डिसेंबर-जानेवारीतही नवी मुंबईची दमट हवा साडेआठनंतर अंगावर येते, आणि इथेच माणसांचा तोल सुटतो.

लांबूनच ठरवा काय हवंय आणि ओरडून सांगा: 'पाणी!' किंवा 'इलेक्ट्राल!' मग एकाच व्यक्तीकडे बघा आणि हात पुढे करा, म्हणजे तिलाही कळतं कुणासाठी धरायचं. शक्यतो टेबलाच्या शेवटच्या माणसाकडून घ्या. पहिल्याकडेच सगळे गर्दी करतात. ग्लास वरून चिमटीत धरा, हिसकावू नका. कागदी ग्लास हिसकावला की निम्मं पाणी देणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, आणि तिच्या हाताला तास-दोन तास इलेक्ट्रालचा चिकटा असतो. थांबायचं असेल तर टेबल ओलांडून डावीकडे थांबा. डोक्यावर पाणी ओतून घ्यायचं असेल तर चार पावलं पुढे जाऊन, नाहीतर आंघोळ दोघांची होते.

रिकामा ग्लास, जेलचं पाकीट, केळ्याची साल ठरलेल्या पट्ट्यातच टाका, आणि जमलं तर पिंपातच. पट्ट्याबाहेर कचरा टाकला तर दंड आहे, पण दंड नसता तरी पामबीचच्या कडेला कांदळवन आहे आणि वाऱ्याने उडालेलं पाकीट थेट तिकडे जातं.

आता एक गोष्ट जी कुणी फारशी बोलत नाही. पुढे असणारे एकाऐवजी दोन बाटल्या उचलतात, एक घोट घेतात, एक डोक्यावर ओततात, दोन्ही टाकतात. दीड तासाने मागून येणाऱ्या, उन्हात सगळ्यांत जास्त वेळ असलेल्या स्पर्धकाला टेबलावर फक्त रिकामी खोकी दिसतात. मग तो चिडतो कुणावर? टेबलामागच्या मुलीवर. तुम्ही वेगवान असाल तर हे थांबवणं तुमच्याच हातात आहे.

कुणी पडलं, कुणी चुकलं तर

2016 साली मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या शर्यतीत ब्रिटिश ट्रायथलीट जॉनी ब्राउनलीचे पाय शेवटच्या टप्प्यात लटपटले आणि मोठा भाऊ ॲलिस्टरने त्याला खांद्याला धरून अंतिम रेषेपर्यंत आणलं. ते दृश्य जगभर गाजलं, त्या वेळी नियमातही बसलं. पुढे नियम बदलला. आता एका स्पर्धकाने दुसऱ्याला अंगाने आधार देऊन पुढे नेणं चालत नाही. म्हणून मदतीची पद्धत समजून घ्या. कुणी कोसळलं असेल तर थांबा, त्याला सावलीत बसवा, बिब नंबर बघा आणि जवळच्या स्वयंसेवकाला किंवा रुग्णवाहिकेला कळवा. शुद्ध हरपलेली असेल तर मदत येईपर्यंत त्याच्यापाशीच थांबा. येणाऱ्या दुसऱ्या स्पर्धकाला पुढे निरोप द्यायला सांगा. 'पुढे कुणीतरी पडलंय' एवढंच सांगून पळू नका. कुठे, कोणत्या बाजूला, कितवा नंबर, हे सांगितलं तर त्या मुलाला वॉकीटॉकीवर नीट बोलता येतं.

पंक्चरसाठी ट्यूब, पंप, पाणी, खाणं एकमेकांना देता येतं. स्वतःचं चाक किंवा हेल्मेट देऊन स्वतःच थांबलात, असं मात्र चालत नाही.

दुसरा किस्सा सप्टेंबर 2020 मधला, स्पेनमधल्या सांतांदेरचा. तिसऱ्या क्रमांकावरचा ब्रिटिश स्पर्धक जेम्स टीगल शेवटच्या वळणावर चुकून बॅरिकेडकडे गेला. मागच्या दिएगो मेंत्रिदाने त्याला ओलांडलं, मग मागे वळून पाहिलं, आणि रेषेजवळ थांबून त्याला आधी जाऊ दिलं. कुठल्याही नियमाने त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. आपल्या गल्लीतल्या शर्यतीत नववा आणि दहावा नंबर असतानाही हे करता येतं.

स्वयंसेवकाने चुकीचा रस्ता दाखवला तर? होतं असं. शांतपणे परत फिरा, मागच्यांना हाक द्या, आणि 'दादा, उजवीकडे पाठवा, पाटी तिकडे आहे' एवढं सांगा, म्हणजे पुढचे तरी वाचतील.

कट-ऑफ

वेळ संपल्यावर तुम्हाला थांबायला सांगणं हे कुणालाही आवडणारं काम नाही. रस्ता वाहतुकीला ठरलेल्या वेळी खुला करायचा असतो आणि पोलिसांची परवानगी तेवढीच असते. 'फक्त दोन किलोमीटर राहिलेत, जाऊ द्या' ही विनवणी समजू शकते, एकदा करा. दुसऱ्यांदा नको. थांबल्यावर चिप परत द्या. स्वतःहून सोडलं असेल तरी सांगूनच घरी जा. कुणी न कळवता रिक्षा पकडून गेला, की शोधाशोध सुरू होते. पोहण्याच्या टप्प्यात असं झालं तर पाण्यात माणसं उतरवावी लागतात.

अंतिम रेषा आणि नंतर

मित्राचा हात धरून एकत्र रेषा ओलांडायची असेल तर आधी नियम वाचा. 2019 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या चाचणी शर्यतीत ब्रिटनच्या जेसिका लियरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी हातात हात घालून पहिल्या आल्या आणि दोघी बाद झाल्या, कारण ठरवून केलेली बरोबरी चालत नाही.

पदक घेतलं की पुढे सरका. घोट्यावरची चिप काढायला एक मुलगी खुर्ची टाकून बसलेली असते. चुकून कुणाला पाय लागला तर नमस्कार करणारे आपण, तिच्यापुढे घामाने आणि चिखलाने भरलेला पाय न बोलता पुढे करतो. वाकता येत असेल तर पट्टा स्वतः सोडा आणि चिप हातात द्या. पोटरीत गोळा आला असेल, वाकणं जमत नसेल, तर तसं सांगा.

निकालाबद्दल तक्रार असेल तर ती मुख्य पंचांकडे किंवा रेस डायरेक्टरकडे, लेखी, दिलेल्या मुदतीत. स्वयंसेवकाकडे नाही, आणि त्याचा फोटो टाकून ग्रुपवर तर नाहीच. सुरुवातीचा निकाल कच्चा असतो, म्हणून स्क्रीनशॉट काढून लगेच बोंब ठोकू नका. कौतुक मात्र नेमकं करा: 'दुसऱ्या यू-टर्नवरच्या निळ्या टोपीवाल्या मुलाने पडलेला कोन तीनदा उचलला' असा निरोप आयोजकांकडून त्या मुलापर्यंत पोहोचतो. 'टीमचे आभार' कुणापर्यंतच पोहोचत नाही.

एकदा पलीकडे उभं राहा

दोन-तीन शर्यती केल्या की एक शर्यत स्वयंसेवक म्हणून घ्या. आयोजकांना महिनाभर आधी कळवा आणि स्पष्ट सांगा: किती तास थांबू शकता, उन्हात की सावलीत, पोहता येतं का. नाव देऊन आदल्या रात्री 'जमत नाही' म्हणणारा सगळ्यांत महागात पडतो.

टोपी, शिट्टी, पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा, दोन पेनं आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद न्या. जागेवर जोडीदार मागा, म्हणजे बाथरूमला जाता येतं. मुलींसाठी ही सोय आयोजकांकडे आधीच विचारून ठेवावी. दिशा दाखवताना पूर्ण हात लांब करून दाखवा, बोटाने नाही. एकाच शब्दात बोला: 'डावीकडे', 'सरळ', 'वळा'. आणि 'आलंच, शेवटचा एक किलोमीटर!' असं तो खरंच शेवटचा असल्याशिवाय म्हणू नका. तीन किलोमीटर बाकी असताना हे ऐकलेला माणूस तुम्हाला वर्षभर विसरत नाही.

आपली जागा सोडायची ती शेवटचा स्पर्धक आणि त्याच्यामागची स्वीप गाडी गेल्यावर, आणि तेही प्रमुखाला विचारून. कोन गोळा करा, ग्लास पिशवीत भरा, जॅकेट परत द्या. पुढच्या वेळी यू-टर्न मागून घ्या. शर्यत सगळ्यांत जास्त तिथूनच दिसते.